रोज एक मिलिमीटर: वाट बघणं कुणाला खरंच जमलंय का?

रेघोटी

नमस्कार. डाव्या हाताने टाइप करतेय, तेव्हा चुका पोटात घाला.

नऊ आठवड्यांपूर्वी माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडले आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. हाड जुळत आलंय, त्याचं काही नाही. पण त्या हाडाला मागून वळसा घालून एक नस खाली उतरते, रेडियल नर्व्ह, ती त्यात दुखावली. तेव्हापासून मनगट लोंबतंय. कोपर वाकतं, सरळ होतं, मूठही कशीबशी वळते, पण मनगट वर होत नाही, बोटं मुळापासून उघडत नाहीत, अंगठा बाहेर येत नाही. हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या मधे टिचकी मारली तर ती दुसऱ्याच कुणाला तरी मारल्यासारखी वाटते. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट काढला की हात खुंटीला अडकवलेल्या ओल्या हातमोज्यासारखा दिसतो. मी चित्रकला शिकवते. पुढचं सांगायला नको.

डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली नसावी, धक्का बसलाय, अशा बऱ्याच नसा आपोआप परत येतात, थांबू या. किती? तीन-चार महिने तरी. मग जाता जाता म्हणाले की नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी घरी येऊन पट्टी घेतली. मोडलेल्या जागेपासून कोपराखालच्या पहिल्या स्नायूपर्यंत नऊ-दहा सेंटिमीटर भरलं. म्हणजे शंभर दिवस. पट्टीवरचा एक मिलिमीटर कधी निरखून बघितलाय? बोथट झालेल्या सहा-बी पेन्सिलीची रेघ त्याहून जाड येते.

हिशोब कळला, तेवढ्याने मन गप्प बसायला हवं होतं. बसत नाही. सकाळी डोळा उघडला की पहिलं काम म्हणजे पांघरुणाखाली मनगट उचलून बघायचं. उचललं गेलं नाही की माझा दिवस तिथेच, अंथरुणातच संपतो. मग दिवसभर येता-जाता तेच. आंघोळीला जाताना, फोन ठेवताना, जिन्यात. बघणाऱ्याला वाटेल ही बाई स्वतःच्या हाताशी काहीतरी कुजबुजतेय.

मावशीचा रोज फोन येतो. श्रद्धा ठेव, सबुरी ठेव. मी देव न मानणारी नाही. रोज थोडा वेळ डोळे मिटून बसायची माझी जुनी सवय. पण हल्ली बसले की त्या बसण्याचा नुसता तगादा होतो. कधी देणार, कधी देणार. उसनवारी वसूल करायला दारात बसल्यासारखी मी. उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त चिडलेली असते, आणि वर श्रद्धा कमी पडतेय म्हणून अपराधीही वाटतं.

तर विचारायचं हे, की वाट बघताना माणसाने नेमकं करायचं काय? श्रद्धा म्हणजे 'होणारच, होणारच' असं स्वतःला पटवत राहायचं का? आणि झालंच नाही तर? ज्यांनी खरोखर लांबलचक वाट बघितलीय त्यांनी सांगा. हाताचीच असं नाही, कशाचीही. 'सगळं छान होईल' सोडून काहीही चालेल.

सदाफुली

सगळं छान होईल ताई! शेवटचं वाक्य वाचलं, तरी म्हणणार. माझ्याकडे दुसरं काही नाही आणि न म्हणता पुढे जाववलं नाही.

रेघोटी

नऊ आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. चालेल, तुम्हाला माफ.

उलटी गंगा

ताई, अगदी हाच हात, हीच नस. दोन वर्षं झाली. माझं मनगट पाच महिन्यांनी पूर्ण उचलायला लागलं, तर्जनी त्याहून उशिरा सरळ झाली. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही, पण मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा काही गोष्टी आहेत.

मनगट उचलून बघणं बंद करा. धीर वगैरे सोडा, मुळात तुम्ही चुकीच्या जागी बघताय. नस वरून खाली येते, त्यामुळे आधी जागा होतो तो कोपराजवळचा स्नायू, मग मनगट उचलणारे, मग बोटं, आणि अंगठा-तर्जनी सगळ्यांत शेवटी. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा, अंगठा वर ठेवून हात धरायचा आणि कोपर वाकवायचं. कोपराच्या जरा खाली, अंगठ्याच्या बाजूला दोरीसारखा स्नायू वर यायला हवा. डाव्या हातावर करून बघा म्हणजे कळेल. उजव्यावर तो येईपर्यंत मनगटाला विचारण्यात अर्थ नाही. स्टेशनात गाडीच आली नाही आणि आपण फलाटाबाहेर रिक्षा शोधतोय असं ते आहे.

दुसरं, फिजिओने नसेच्या वाटेवर बोटाने हलकेच ठोकून बघितलंय का? जिथवर नस पोचली असेल तिथे ठोकलं की खाली हातात मुंग्या सुटतात. ती जागा महिन्यागणिक खाली सरकते. मी पेनाने खूण करून शेजारी तारीख लिहायचो. रोज नाही, पंधरा दिवसांनी. एक मिलिमीटर कुणालाच दिसत नाही. पंधरा दिसतात.

स्प्लिंट कंटाळा आला तरी सोडू नका आणि दुसऱ्या हाताने बोटं, मनगट हलवत राहा. नस येईल तेव्हा सांधे आखडलेले असले तर ती येऊन करणार काय?

आता जरा कडू. डॉक्टरांना 'थांबू या'ची तारीख विचारा. बराच काळ नस पोचली नाही तर स्नायू वाळत जातो. साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस येऊनही फारसा उपयोग होत नाही असं मला सांगितलं होतं. म्हणून हे थांबणं अमर्याद नसतं. तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर ईएमजी तपासणीत (नस-स्नायूंतली वीज मोजतात ती) काय दिसतं, नस उघडून बघायची का, हे सगळं आत्ताच विचारून ठेवा. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मला टेंडन ट्रान्सफर समजावून सांगितलं. नस आलीच नाही तर हाताच्या पुढच्या बाजूच्या, चालू असलेल्या एका स्नायूची दोरी मागच्या बाजूला जोडतात आणि तो मनगट उचलायला शिकतो. ते ऐकलं त्या रात्री मला दोन महिन्यांनी झोप लागली. हातात काही फरक पडला नव्हता. पण 'झालंच नाही तर' याच्या पुढे निदान एक दार आहे, भिंत नाही, एवढं कळलं होतं.

रेघोटी

हे टेंडनचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. कदाचित मी विचारलंच नव्हतं. विचारलं की अपशकुन होईल असं काहीतरी डोक्यात होतं बहुतेक. दुसरी वाट विचारली म्हणजे पहिलीवर विश्वास नाही असं. लिहिताना आता ते किती वेडगळ आहे ते दिसतंय.

डाव्या हातावर दोरी दिसली. उजव्यावर सपाट.

दुर्बीण

वाट बघण्याचा विषय निघाला की मला गीयोम ल जांतील आठवतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना मोजायचा म्हणून १७६० साली पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं की युद्धात पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलं. १७६१ च्या जूनमध्ये ते अधिक्रमण झालं तेव्हा हा हलत्या जहाजावर. शुक्र दिसला, मापं घेता आली नाहीत. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी आणि त्यानंतरचं शंभरहून जास्त वर्षांनी. पठ्ठ्या घरी गेलाच नाही, थांबला. १७६९ ला पाँडिचेरीत वेधशाळा वगैरे उभारून सज्ज, आणि नेमक्या त्या वेळी ढग. अधिक्रमण संपलं आणि आकाश स्वच्छ. १७७१ मध्ये घरी पोचला तर त्याला मेलेला समजून वारस इस्टेट वाटून घ्यायला बसलेले.

सगळे ही गोष्ट दुर्दैवाचा कळस म्हणून सांगतात. मला मधली आठ वर्षं जास्त आवडतात. मादागास्करचा किनारा मोजला, मोसमी वाऱ्यांची टिपणं केली, तमिळ पंचांगकर्त्यांकडून ग्रहणं कशी काढतात ते शिकून घेतलं. आणि घरी आल्यावर लग्न करून, मुलगी होऊन आणखी वीस वर्षं जगला.

रेघोटी

दुर्बीण, गोष्ट जबरदस्त आहे, पण ढगांपाशी मी फोन पालथा ठेवून दिला होता. पुढचं अर्ध्या तासाने वाचलं.

तिरकस

श्रद्धा या शब्दाचं आणि माझं जमत नाही. विश्वास या शब्दाशी मात्र भांडण नाही. आणि ताई, तुमच्या प्रश्नात मला दुसराच मुद्दा दिसतो.

तो मार्शमॅलोचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. लहान मूल, समोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड मिठाई, आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेलने साठच्या दशकाच्या अखेरीपासून हे केलं आणि थांबणारी मुलं आयुष्यात पुढे जातात असा त्याचा डंका झाला. २०१८ मध्ये मोठ्या संख्येने मुलं घेऊन ते परत तपासलं तेव्हा, घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर, तो संबंध बराच पातळ निघाला. ते असो.

मला आवडतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ मध्ये छापून आलेला प्रयोग. तुम्ही चित्रकलेच्या, म्हणून मुद्दाम सांगतो. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. मार्शमॅलोच्या आधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि वापरून झिजलेले खडू दिले. बाई म्हणाल्या, थांबलास तर छान नवीन रंग आणून देते. अर्ध्या मुलांना बाईंनी खरंच आणून दिले. उरलेल्या अर्ध्यांना येऊन सांगितलं, सॉरी, नाहीयेत, आहेत तेच वापर. मग स्टिकरच्या बाबतीतही तेच. आणि त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा मोडला होता ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं काढणारी पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी एक.

म्हणजे त्या दुसऱ्या गटातली पोरं उतावळी नव्हती हो. शहाणी होती. ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याची वाट कशाला बघायची? धीर हा नुसता स्वभावाचा भाग नाही. समोरच्याने आत्तापर्यंत काय केलंय त्यावर तो ठरतो.

आता तुमच्या बाबतीत समोरचा कोण, ते तुम्ही बघा. देव असेल तर तो माझा प्रांत नाही.

रेघोटी

हे वाचून काल रात्री बराच वेळ जागी होते.

समोरची मीच आहे. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी स्वतःला सांगते की आज उचलेल. कुणी सांगितलंय असं? डॉक्टरांनी नाही, देवाने तर नाहीच. मीच सांगते आणि पुढच्या क्षणाला मीच खोटी पडते. नऊ आठवडे, रोज सकाळी, सॉरी, नाहीयेत, आहेत तेच वापर. साठ-पासष्ट वेळा शब्द मोडल्यावर त्या चार वर्षांच्या पोराने जे केलं तेच माझं मन करतंय.

वर्गातही मी हे बघितलंय खरं तर. 'उद्या तुझं चित्र फळ्यावर लावू' असं म्हणून विसरलं की ते मूल पुढच्या वेळी रंग भरायलाच घेत नाही. त्याला आपण आळशी म्हणतो.

तिरकस

मी एवढा विचार करून लिहिलं नव्हतं, श्रेय घेत नाही.

अपराधी वाटण्याबद्दल मात्र अजून एक, मग गप्प बसतो. केट स्वीनी म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, वाट बघणं हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागायला चार महिने लागायचे, त्या उमेदवारांचा त्यांनी माग काढला. मन रमवा, चांगलंच होईल म्हणा, वाईटाची तयारी ठेवा, असे सगळे उपाय लोकांनी करून बघितले, पण चिंता फारशी कुणाची कमी झाली नाही. आणि गंमत अशी, की ज्यांनी ते महिने तळमळत काढले त्यांनी नापासाची बातमी जास्त नीट पचवली आणि पासाची जास्त मनापासून साजरी केली. निवांत असलेल्यांना नापासाचा धक्का जास्त बसला आणि पासाचा आनंदही बेताचाच झाला. तेव्हा तळमळा खुशाल. तळमळ म्हणजे श्रद्धा कमी, असं काही नसतं.

चारघडी

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण तुमचा 'तगादा' हा शब्द मनातून जाईना.

माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास डायलिसिस. घरातल्या कुणाचं मूत्रपिंड जुळलं नाही, म्हणून प्रतीक्षायादीत नाव. साडेतीन वर्षं. त्या काळात आमचा फोन कधी बंद राहिला नाही, आंघोळीलाही तो बाहेर कुणाच्या तरी हातात. दाराशी एक भरलेली बॅग. अनोळखी नंबर दिसला की दोघांचाही श्वास अडकायचा आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारायचं.

लोक म्हणायचे, वहिनी फार सोशिक. मुळीच नव्हती. दर सोमवारी जायच्या आधी रडायची, मला बोलायची, सुई टोचणाऱ्या पोरांना बोलायची. चार तास एक हात हलवायचा नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या चार घड्या करून एका हाताने वाचायची. घडी उलटताना पान निसटलं की त्यालाही बोलायची. माझं इथलं नाव त्यावरून.

पाण्यावर बंधन होतं. दिवसाला मोजून एवढंच. ती सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी भरून ठेवायची. मग दिवसभरात कुठेही, काहीही प्यायली, चहा असो, औषधाबरोबरचा घोट असो, की तेवढंच पाणी त्या बाटलीतून ओतून टाकायची. बाटलीत उरलं ते तिचं. रात्री दोन बोटं उरलेलं असायचं. ते ती पिऊन टाकायची नाही. उजेडासमोर धरून बघायची आणि म्हणायची, आज आपण जिंकलो. मूत्रपिंड मिळणं तिच्या हातात नव्हतं. बाटली होती.

देवाचं सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलो. ती देवभोळी, मी नाही. दुसऱ्या वर्षी एकदा रात्री फोन आला. आम्ही धावत गेलो. पण आम्ही राखीव होतो. पहिल्या माणसाला काही कारणाने चाललं नसतं तर हिला. पहिल्याला चाललं. पहाटे परत निघालो. गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, अहो, मी दोन वर्षं देवाकडे काय मागतेय ते आज कळलं. आत कुणीतरी गेलं होतं ना, म्हणून तर आपल्याला बोलावलं. मी रोज कुणाचं तरी मरण मागतेय.

त्या दिवसापासून तिने मागणं बंद केलं. बसायची तशीच, नेहमीच्या वेळेला. एकदा न राहवून विचारलं, आता काय म्हणतेस? तर म्हणाली, ज्याचं कुणाचं मला मिळायचं असेल, तो आज जिथे असेल तिथे पोटभर जेवू दे, त्याला कुणी बोलू नये, एवढं म्हणते. यादीतून नाव मात्र काढलं नाही. बॅगही दाराशीच राहिली.

माझ्यासारख्या नास्तिकालाही तो तगादा वाटला नाही. त्यानंतर ती शांत झाली असंही नाही, सोमवारचं रडणं चालूच होतं. पण बसून उठायची तेव्हा चिडलेली नसायची. तुमचं वाचून ते आठवलं.

रेघोटी

काका, काय लिहू. विचारावं की नाही कळत नाही, पण विचारते. मिळालं का शेवटी?

चारघडी

नाही मिळालं. चौथ्या वर्षी तिचं हृदयच थकलं.

त्या रात्री तिथल्या एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच डोळ्यांबद्दल बोलल्या. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात कुठेतरी दोन माणसांचे फोन वाजले असतील.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. विचारलं नसतंत तर मी लबाडी केल्यासारखं झालं असतं. तुमच्या हाताचं तसं नाही, तुमच्या हाताला चांगली आशा आहे. पण 'झालं नाही तर' असं तुम्ही विचारलं होतंत. त्या साडेतीन वर्षांना मी वाया गेलेली म्हणू शकत नाही. तिच्या आयुष्यातली वर्षं होती ती. ती बाटली अजून आहे माझ्याकडे.

सदाफुली

काका, नमस्कार. आज मी 'छान होईल' म्हणणार नाही.

रेघोटी

सहा आठवड्यांनी लिहितेय. कुणी वाचत असेल तर.

डॉक्टरांना तारीख विचारली. चार महिन्यांपर्यंत काही नाही दिसलं तर पुन्हा तपासणी आणि मग नस उघडायचं ठरवायचं. टेंडनचंही विचारलं. त्यांनी कागदावर रेखाटून दाखवलं, चित्र अगदीच वाईट होतं, पण कळलं. अपशकुन वगैरे काही झाला नाही.

सकाळचं बघणं बंद केलं. एकदम नाही जमलं. पहिले तीन दिवस हातावर उशी ठेवून झोपले. मग ठरवलं की बघायचं ते फक्त रविवारी, आणि तेही मनगट नाही, ती दोरी. त्याऐवजी स्वतःला एकच शब्द दिला, जो मोडला तर माझ्यामुळेच मोडेल. रोज एक चित्र, डाव्या हाताने, उजव्या हाताचं. स्प्लिंटसकट, स्प्लिंटशिवाय, टेबलावर, उशीवर. चित्र कसं येतंय त्याला महत्त्व नाही, आलं पाहिजे. पहिली दहा बघवत नाहीत. बोटं शेवग्याच्या शेंगा. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या वहीवर लिहायचे, आता लिहिणार नाही.

बसायची वेळ तीच ठेवली. काकूंसारखं मला लगेच जमलं नाही. माझ्या हातासाठी कुणाला मरायचं नाही, त्यामुळे मागायला तशी आडकाठीही नाही. पण मी मावशीसाठी बसायला लागले. रोज फोन करते आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यांबद्दल एका शब्दाने बोलत नाही, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. तगादा कमी झालाय. गेला म्हणणार नाही. परवाच भांडून उठले.

मुंग्यांची खूण आधी कोपराच्या वर दोन बोटं होती. आता कोपराच्या घडीपाशी आहे. पेनाच्या तीन खुणा, तीन तारखा. अंघोळीत पुसू नयेत म्हणून वहीतही मापं लिहून ठेवलीत.

आणि गेल्या बुधवारी, रविवार नसताना, असं झालं. हात उशीवर ठेवून ठेवून कंटाळा आला होता म्हणून तो अधांतरी धरला, कोपर वाकवून, अंगठा वर. समोर कागद. डाव्या हाताने बाहेरची रेघ काढत कोपरापर्यंत आले. ती रेघ मला आता पाठ झालीय, कोपरापासून खाली सरळ, सपाट. हाताने पेन्सिल सवयीने सपाट ओढली आणि डोळा म्हणाला, चुकलीस. खोडली. परत काढली. परत चुकली. मग पेन्सिल ठेवून नीट बघितलं. कोपराच्या खाली एक उंचवटा होता. दोरी नाही म्हणता येणार, सुतळी. हात खाली सोडला की गायब, उचलला की परत.

डॉक्टरांनी दाबून बघितलं, हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, हं, आलाय. मनगटाला अजून काही आठवडे द्या. मनगट लोंबतंयच, अंगठा तर अजून परदेशात आहे. घरी आल्यावर आधी मावशीला फोन केला, आणि तिच्या गुडघ्यांसाठी सोमवारची वेळ घेऊन टाकली.

उलटी गंगा

आलाय! अहो, आलाय! आता आठवडाभर तो स्नायू रोज शंभर वेळा ताणून दमवू नका, मी केलं होतं.

चारघडी

वाचून आनंद झाला. ते बुधवारचं चित्र ठेवलंत का?

रेघोटी

ठेवलंय काका. कागदाला तिथे भोक पडायच्या बेतात आहे, इतक्यांदा खोडलंय. शेवटची रेघ चार-बीने काढली, जरा गडदच झालीय.